गणना चालू आहे

आरंभीच वाचकांची क्षमा मागते. ज्या माणसाविषयी लिहायला बसले आहे, त्याचे काम मला पुरते कधीच समजले नाही. मी ग्रंथपाल होते. पुस्तके लावणे, देणे आणि परत घेणे हा माझा व्यवसाय. लिहिणे हा नव्हे. साठी उलटल्यावर प्रथमच स्वतःचे वाक्य कागदावर उतरवते आहे आणि तेही भौतिकशास्त्राच्या एका प्राध्यापकाविषयी. हा आगाऊपणाच आहे, हे मी जाणते. परंतु ज्यांना आडेसरांचे काम समजले असते ते दूरच्या शहरांत राहतात आणि त्यांनी आडेसरांना पाहिलेले नाही. ज्यांनी त्यांना रोज पाहिले त्यांना ते काम समजून घेण्याची गरज वाटली नाही. या दोहोंच्या मध्ये जी रिकामी जागा उरते तिथे माझ्यासारखी अनधिकारी व्यक्तीच उभी राहू शकते. म्हणून हे धाडस.

गोवर्धन आडे वसमतच्या आमच्या महाविद्यालयात रुजू झाले तेव्हा मी ग्रंथालयात स्थिरावलेली होते. ते सेनगाव तालुक्यातले, साखऱ्याजवळच्या एका तांड्यावरचे. दक्षिणेतील एका नामांकित संस्थेतून विद्यावाचस्पती होऊन आलेला मनुष्य वसमतला कशासाठी येतो, याचे आमच्या प्राध्यापककक्षात बरेच दिवस नवल चालले होते. कोणी म्हणे, तिकडे जमले नसेल. कोणी म्हणे, आई एकटी आहे. दुसरे खरे होते. पण पहिले अधिक आवडीने सांगितले जाई.

उंची बेताची, सदरा नेहमी चौकटीचा, खिशाला दोन पेने. त्यांतले एक कायमचे सुकलेले असे. ते टाकून का देत नाही, असे मी एकदा विचारले, तर म्हणाले, ‘‘ते लिहीत न्हाई हे त्यालाच माहीत न्हाई, मॅडम. आपण काहून सांगायचं?’’ ग्रंथालयात ते कधी बसत नसत. दोन मांडण्यांच्या मध्ये उभे राहूनच वाचत. खूण म्हणून एसटीची तिकिटे वापरत. त्यामुळे त्यांनी परत केलेल्या पुस्तकांतून हिंगोली, पुसेगाव, सेनगाव अशी गावे अधूनमधून टेबलावर पडत. चहा मागवायचा, त्यावर बशी झाकायची आणि विसरून जायचे, ही त्यांची रोजची रीत. पुढे तो गार चहा एका घोटात पिऊन ते म्हणत, ‘‘आपण कधीकाळी गरम होतो हे चहा विसरून गेला. खोलीसारखाच झाला बिचारा.’’ त्या वेळी मला हा विनोद वाटे. त्यांच्या संशोधनाचा पहिला धडा आपण ऐकतो आहोत, हे मला फार उशिरा कळले.

त्यांचा खरा शब्द मात्र ‘काहून’. पाठ्यपुस्तकातील प्रत्येक विधानापाशी ते थांबत आणि वर्गाला विचारत, ‘‘काहून?’’ पहिल्या वर्षी मुले हसली. दुसऱ्या वर्षी मुले आपसांतही तसेच विचारू लागली. तेव्हा प्राचार्यांनी त्यांना बोलावून अत्यंत सौजन्याने सुचवले की, उच्च शिक्षणाच्या वर्गात प्रमाण भाषा शोभते. आडेसरांनी मान डोलावली. त्यानंतर सभांमध्ये ते ‘का’ म्हणू लागले. परंतु वर्गात, आणि जिथे उत्तर खरोखर हवे असे तिथे, ‘काहून’च राहिले.

ग्रंथालयाची एक खिडकी त्यांच्या वर्गाच्या व्हरांड्यात उघडत असे. तिच्यातून ऐकलेला एक तास मला आजही आठवतो. त्या भागातील निम्मी मुले हळद लावणाऱ्यांच्या घरची होती.

‘‘कढईत हळद शिजवता ना रे? शिजली हे कसं ओळखता?’’

‘‘काडी टोचायची सर. आरपार गेली की शिजली.’’

‘‘बराबर. आता मला सांगा, शिजल्यावर एक कंद बाहेर काढला. तो कढईत तळाला टाकला होता का कडेला, हे सांगता येईल?’’

‘‘न्हाई सर. सगळे सारखेच.’’

‘‘व्हय. विसरले सगळे. बहुतेक पदार्थ असेच विसरतात. पण समजा, कढई उकळून राहिली, चारी बाजूंनी वाफ, अन् मधला एक कंद कच्चाच राहिला. कितीही वेळ ठेवा, कच्चा. जिथं टाकला, जसा टाकला, तसाच. तर?’’

मागच्या बाकावरून एक आवाज आला, ‘‘तर व्यापारी भाव पाडंल सर!’’

वर्ग हसला. आडेसर सगळ्यांहून मोठ्याने हसले. ‘‘पाडंल ना! अन् आमी फिजिक्सवाले पंधरा-सोळा वर्षं तोच एक कंद धुंडून राहिलो.’’

याच सुमारास ते एकदा माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. महाविद्यालयाच्या वार्षिक अंकासाठी त्यांना आपल्या विषयावर मराठीत लेख लिहायचा होता आणि शब्द हवे होते. मी कोश काढले. ते सांगू लागले, असंख्य सूक्ष्म चुंबके एकमेकांना बांधलेली आहेत. परंतु बांधणारे धागे कुठे घट्ट, कुठे सैल, कसलाही क्रम नाही. या बेशिस्तीमुळे कधीकधी असे होते की, आरंभीची स्थिती सर्वत्र मिसळून जात नाही. जिथली तिथेच अडकून राहते. या अडकण्याला काय म्हणावे? मी भीतभीत ‘स्थानबद्धता’ सुचवले.

‘‘हां, चालंल,’’ ते म्हणाले. ‘‘आता माझा प्रश्न ऐका. बेशिस्त असूनही एक नियम सगळ्यांना लागू आहे असं समजा. सगळ्या दिशा सारख्या. कुठलीच दिशा मोठी नाही, कुठलीच छोटी नाही. सममिती. मग स्थानबद्धता टिकंल का?’’

मी म्हटले, टिकायला काय हरकत आहे?

‘‘आठवण ठेवायला खूण लागते, मॅडम. चुंबकानं खूण ठेवायची म्हणजे एक दिशा धरायची. अन् नियम तर म्हणतो, दिशा धरू नका, सगळ्या सारख्या. मग खूण करायची कुठं?’’ त्यांनी माझ्या टेबलावरचा कोरा कागद उचलून गोल फिरवला. ‘‘थोड्या चुंबकांची साखळी घेतली तर वाटतं, टिकली आठवण. पण साखळी वाढवत गेलं की पाझरत जाते. हळू, पण जाते. लोक छोट्या साखळ्या बघून म्हणून राहिलेत, टिकते. मला वाटतं, न्हाई टिकत.’’

मी विचारले, ‘‘आणि टिकत नाही असे सिद्ध झाले, तर काय होईल?’’

‘‘काही न्हाई,’’ ते म्हणाले. ‘‘खरं काय ते कळंल.’’

तो लेख अंकात आला नाही. संस्थेच्या सचिवांच्या वाढदिवसाची छायाचित्रे ऐनवेळी वाढली.

सममितीचा त्यांना ध्यास होता. परंतु तिच्या नावाने चालणाऱ्या गोष्टींवर त्यांचा विश्वास नव्हता. आमच्या प्राध्यापककक्षात कोणाच्याही नावाची खुर्ची नव्हती. तरी पंख्याखालच्या खुर्च्यांवर कोण बसणार आणि दाराजवळच्या, सतत लोक ओलांडून जातात त्या खुर्चीवर कोण, हे ठरलेले होते. वाणिज्याचे एक ज्येष्ठ प्राध्यापक, देशमाने त्यांचे नाव, पंख्याखालून त्यांना हटकत, ‘‘काय आडे, त्या चुंबकांतून हळदीचा भाव निघतो का?’’

‘‘निघाला की पयले तुमाला सांगतो, देशमानेसर.’’

एकदा प्राचार्यांनी सभेत सांगितले की, आपल्या संस्थेत कोणताही भेदभाव नाही, येथे सर्व समान आहेत. दाराजवळच्या खुर्चीवरून आडेसर माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, ‘‘नियम सममित आहे. अवस्था बघा.’’ समारंभांत मात्र त्यांना व्यासपीठावर बसवले जाई, कडेच्या खुर्चीवर, आणि ‘‘आमच्या तांड्यावरचे रत्न’’ असा त्यांचा परिचय करून दिला जाई. ‘आमच्या’ म्हणणाऱ्यांपैकी कोणी तांडा पाहिलेला नव्हता. अशा वेळी आडेसर खिशातले सुकलेले पेन काढून त्याचे टोपण लावत आणि काढत बसत.

आता यंत्राविषयी सांगायला हवे, कारण सारी कथा त्याचीच आहे. आमच्या संगणककक्षातील बरेचसे संगणक नादुरुस्त होऊन पडलेले होते. आडेसरांनी तत्कालीन, पुढे निवृत्त झालेल्या प्राचार्यांच्या तोंडी अनुमतीने त्या बंद यंत्रांतील स्मृतिपट्ट्या, ते ‘मेमरी’ म्हणत, काढून एकाच यंत्रात बसवल्या. त्या यंत्राची कड उघडी ठेवली, पुढ्यात टेबलपंखा लावला, मागे बॅटऱ्यांची रांग जोडली, कारण विजेचा भरवसा नव्हता. मोठ्या संस्थांत जे काम दालन भरून असलेल्या यंत्रांवर चालते ते येथे एका उघड्या डब्यात कसे चालणार, असे मी विचारले होते. त्यांनी सांगितले की, प्रश्नातच सममिती आहे. तिच्या आधाराने आकड्यांच्या अवाढव्य कोष्टकाचे लहान लहान तुकडे पडतात, आणि एकेक तुकडा या यंत्रात मावतो. ‘‘जी सममिती आठवण टिकू देत न्हाई, तीच माझं गणित मावू देते,’’ असे म्हणून ते खूष झाले होते. इतके खूष झालेले त्यांना मी क्वचितच पाहिले.

त्यांच्या आई एकदा दवाखान्यासाठी वसमतला आल्या होत्या. आडेसर त्यांना ‘याडी’ म्हणत. कक्षातील परिचर दिगंबरमामांनी त्यांना खुर्ची दिली. याडींनी उघड्या यंत्राकडे बराच वेळ पाहिले आणि माझ्या उपस्थितीमुळे मराठीत विचारले, ‘‘हे थकत न्हाई का रे?’’

‘‘न्हाई.’’

‘‘मंग बंद कवा करतो?’’

‘‘झालं की.’’

‘‘कवा व्हणार?’’

‘‘झालं की सांगतो ना, याडी.’’

दिगंबरमामा म्हणाले, ‘‘आमी बी तेच इचारतो माय. आमालाबी हेच सांगतेत.’’ आणि तिघेही हसले.

यथावकाश आडेसरांनी आपला निबंध एका परदेशी नियतकालिकाकडे पाठवला. एकट्याच्या नावाने. त्यांचे मार्गदर्शक वारले होते आणि जुन्या संस्थेशी संबंध उरला नव्हता. नावाखाली महाविद्यालयाचा पत्ता लिहिला होता. निबंधापेक्षाही त्या ओळीविषयी ते अधिक बोलत. ‘‘खाली वसमत छापून येईल, मॅडम. जिल्हा हिंगोली. या विषयात आजपर्यंत कुणी हा पत्ता लिहिलेला न्हाई.’’ कोणत्याही सन्मानाची त्यांनी इच्छा केलेली मी ऐकली नाही. ही एकच ओळ त्यांना हवी होती.

परीक्षकाचे उत्तर आले. निबंध नाकारलेला नव्हता. दिशा आशादायक आहे. परंतु साखळ्या लहान असल्याने निष्कर्ष निर्विवाद म्हणता येत नाही. याहून लांब अशा एका साखळीची गणना जोडावी, म्हणजे विचार करता येईल. मुदत दिलेली होती. आडेसरांनी हिशेब केला. तेवढ्या साखळीचा सर्वांत मोठा तुकडा यंत्रात जेमतेम मावत होता आणि गणना मुदतीच्या जेमतेम आत संपत होती. अडचण एकच. ही गणना एकसंध होती. मध्येच थांबवून पुढे चालू करता येण्यासारखी नव्हती. ‘‘कढई अर्ध्यात उतरवता येत न्हाई,’’ त्यांनी मला समजावले. ‘‘मग ती हळद कच्चीही नसते अन् शिजलेलीही नसते.’’

उन्हाळी सुट्टी सरता सरता त्यांनी यंत्र सुरू केले. माझ्याकडून एक पुठ्ठ्यासारखा जाड कागद मागून घेतला आणि त्यावर ठळक अक्षरांत लिहिले: ‘गणना चालू आहे. कृपया बंद करू नये. गो. आडे.’ तो कागद पडद्यावरच चिकटवला. पावसाळा गेला. वीज जात राहिली, बॅटऱ्या टिकल्या. दिगंबरमामा त्या यंत्रासमोरचा केर हाताने वेचत. झाडू लावला तर धूळ उडेल म्हणून. आडेसर दिवसातून अनेकदा कक्षात डोकावत आणि परत जात. नवरात्र आले तेव्हा ते म्हणाले, दिवाळीच्या आत उतरेल.

मग याडी पडल्या. खुब्याला मार लागला. निरोप येताच आडेसर हिंगोलीच्या गाडीत बसले.

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा होते, हे वाचकांस सांगायला नको. गिरणीवाला गिरणी थांबवतो, शिंपी शिलाई मशीन पुसून त्यावर हळदकुंकू वाहतो, एसटीच्या गाड्यांना झेंडूच्या माळा पडतात. त्या दिवशी अवजाराला विसावा. ही रीत मला मनापासून प्रिय आहे. वर्षभर राबणाऱ्या वस्तूपुढे हात जोडणे यात मला कधी काही गैर वाटले नाही. त्या वर्षी मूल्यांकन समिती येणार होती, म्हणून प्राचार्यांनी ठरवले की, संगणककक्षात पूजा मोठ्या प्रमाणावर करावी, सचिवांना बोलवावे आणि छायाचित्रे ‘उत्तम उपक्रम’ म्हणून अहवालात लावावीत. टेबले हलवून संगणकांच्या दोन समोरासमोर रांगा केल्या गेल्या. दोन्ही बाजू सारख्या दिसल्या पाहिजेत, अशी सूचना होती. आडेसरांचे यंत्र एका रांगेच्या बरोबर मध्ये आले.

मी त्या वेळी ग्रंथालयात होते. जे घडले ते मला दिगंबरमामांकडून कळले. ते म्हणाले होते, ‘‘सायेब, हे चालू हाय. सरांनी कागद लावलाय.’’ प्राचार्यांनी कागद वाचला. मोठ्याने वाचला, असे दिगंबरमामा म्हणाले. मग म्हणाले, ‘‘पूजेच्या वेळी यंत्र बंद असावं लागतं, एवढं कळत नाही का? पाच मिनिटांचा प्रश्न आहे. पुन्हा चालू करा. आणि हा कागद काढा, फोटोत घाण दिसतो.’’

आडेसर दसऱ्यानंतर परतले. मी त्यांना व्हरांड्यातून जाताना पाहिले आणि मागोमाग गेले, कारण कोणीतरी सोबत असावे असे वाटले. कक्षात दोन सरळ रांगा होत्या. प्रत्येक यंत्रावर कुंकवाचे स्वस्तिक आणि सुकलेला झेंडू. त्यांच्या यंत्राची उघडी कड कोणीतरी पत्र्याने झाकली होती. पडदा काळा होता.

‘‘काहून बंद केलं, मामा?’’

दिगंबरमामा उठून उभे राहिले. ‘‘पूजा व्हती सर. पर मी झटक्यानं न्हाई बंद केलं. तुमी दावलं व्हतं तसं, नीट, पायरी-पायरीनं बंद केलं. मागून पुन्यांदा चालू बी केलं. तर ते काही दावंना.’’

‘‘कागद?’’

दिगंबरमामांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून घडी केलेला जाड कागद काढला. ‘‘जपून ठिवला सर. टाकू दिला न्हाई.’’

आडेसरांनी तो घेतला, उलगडला, पुन्हा घडी केली. मामांच्या खांद्यावर हात ठेवला. ‘‘तुमी नीटच बंद केलं, मामा. तुमची काही चूक न्हाई.’’ मग माझ्याकडे वळले आणि एखादी गंमत सांगावी तसे म्हणाले, ‘‘मॅडम, आमच्या कढईत वरून फुलं पडली.’’

तरीही येथपर्यंतची हानी भरून निघण्यासारखी होती, असे मला वाटते. त्यांनी मुदतवाढ मागितली आणि ती मिळाली. नव्याने सुरुवात करायची होती. परंतु पूजेच्या दिवशी सचिवांनी त्या उघड्या यंत्राची चौकशी केली होती. एकाच यंत्रात अनेक यंत्रांची मेमरी असल्याचे कळताच ते अस्वस्थ झाले होते. आडेसर प्राचार्यांच्या दालनात गेले तेव्हा मी पुस्तकांच्या मागणीवर सही घेण्यासाठी तिथेच बसले होते. सचिवही होते.

‘‘अहो आडे,’’ सचिव म्हणाले, ‘‘बसा, बसा. आम्ही संशोधनाच्या विरोधात आहोत का? करा ना संशोधन! पण एकाच मशीनला एवढं, आणि बाकीच्यांना काहीच नाही, हे बरं दिसतं का? समिती काय म्हणेल?’’

‘‘सर, बाकीची मशीनं आधीपासूनच बंद होती.’’

‘‘म्हणूनच तर!’’ प्राचार्य म्हणाले. ‘‘आता सगळ्यांत सारखी वाटून टाकली आहे. कालच माणूस येऊन गेला. सगळी चालू झाली. आपल्याकडे सगळे समान.’’

आडेसर बसले नाहीत. अगदी शुद्ध मराठीत म्हणाले, ‘‘सर, तेवढ्या मेमरीत माझे गणित कोणत्याच यंत्रात मावणार नाही.’’

‘‘मग लहान गणित घ्या,’’ सचिव म्हणाले. त्यांच्या स्वरात खोडी नव्हती. खरोखर मदत करण्याची इच्छा होती, आणि तेच मला आजवर अधिक भयंकर वाटत आले आहे.

बाहेर आल्यावर आडेसर माझ्यासोबत ग्रंथालयापर्यंत चालत आले. दारात थांबून म्हणाले, ‘‘सममिती लागू केली की स्थानबद्धता टिकत न्हाई. मी तेच म्हणून राहिलो होतो ना, मॅडम? परीक्षकाला हेच कळवतो. प्रयोगानं सिद्ध झालं.’’ ते हसले. मला हसता आले नाही.

त्यांनी नव्या यंत्रासाठी अर्ज केले. अर्ज पुढे गेले आणि पुढेच राहिले. मुदत संपली. पुढच्या वर्षी एका दुपारी ते ग्रंथालयात आले आणि, जे त्यांनी कधी केले नव्हते, ते खुर्चीवर बसले. हातात छापून काढलेला एक निबंध होता. दूरच्या देशातील एका गटाने अतिशय लांब साखळ्या घेऊन दाखवले होते की, सर्व दिशा सारख्या असण्याचा नियम जोवर टिकतो, तोवर ती स्थानबद्धता टिकत नाही. लहान साखळ्यांत दिसतो तो आभास. त्यांनी कोणाचे काही चोरले नव्हते. त्यांना आडे नावाचा कोणी आहे, हेच ठाऊक नव्हते. निबंधाच्या शीर्षकाखाली बरीच नावे होती आणि त्यांखाली पत्ते होते. आडेसरांचे बोट त्या पत्त्यांवरून सावकाश फिरत गेले.

‘‘माझं बराबर होतं,’’ ते म्हणाले.

मी म्हटले, ‘‘मग निदान तुम्ही आधी ओळखले होते, असे त्यांना कळवा.’’

‘‘ओळखणं म्हणजे काय, मॅडम? अंदाज तर तांड्यावरही रोज निघतात.’’ थोड्या वेळाने त्यांनी चहा मागितला. आला तसा गरमच पिऊन टाकला.

त्यानंतरचे आडेसर प्राचार्यांना फार आवडू लागले. परीक्षा, वेळापत्रक, मूल्यांकनाचे अहवाल, सारे काही ते वेळेत करीत. पंख्याखालची एक खुर्चीही त्यांना मिळाली. देशमाने त्यांना हटकेनासे झाले. समिती येऊन गेली. तिला दाखवलेल्या अहवालात पूजेचे छायाचित्र पानभर होते: दोन समान रांगा, मध्यभागी सचिव, त्यांच्या हातात आरतीचे ताट, आणि ताटामागे तो काळा पडदा. त्याखाली ‘परंपरा आणि तंत्रज्ञान यांचा समन्वय’ असे छापले होते. त्या अहवालाची पाने आडेसरांनीच टाचली होती. वर्गातून आता एकसारखा आवाज येई. मुले उतरवून घेत. खिडकीतून कान देऊनही ‘काहून’ ऐकू आले नाही. याडी पुढे खुब्याच्या दुखण्यातच गेल्या, तेव्हा ते तांड्यावर गेले आणि ठरल्या दिवशी परत येऊन उत्तरपत्रिका तपासू लागले.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी खंडेनवमीला मी हळदकुंकवाची वाटी घेऊन संगणककक्षात गेले. दिगंबरमामा निवृत्त झाले होते. नवा परिचर अजून आला नव्हता. आडेसर एकटेच होते. एका रांगेच्या टोकापासून ते एकेक यंत्र बंद करीत होते, नीट, पायरी-पायरीने, आणि पडदा काळा झाला की बोटाने त्यावरची धूळ पुसून पुढे सरकत होते. कोपऱ्यातील यंत्रापाशी एक विद्यार्थिनी काही करीत बसली होती. तिच्या पडद्यावर आकडे सरकत होते.

‘‘सर, थोडंच राहिलंय. हे अर्ध्यात बंद केलं तर पहिल्यापासून करावं लागंल.’’

आडेसर तिच्या मागे उभे राहिले. त्या सरकत्या आकड्यांकडे त्यांनी पाहिले. किती वेळ पाहिले ते मला सांगता येणार नाही. मला तो फार वाटला. बाहेर सचिवांच्या गाडीचा आवाज आला. आडेसर म्हणाले, ‘‘पूजेच्या वेळी यंत्र बंद असावे लागते, बाळा,’’ आणि हात पुढे करून त्यांनी ते बंद केले. मग माझ्याकडे पाहून ते म्हणाले, ‘‘या मॅडम. आता काहीच चालू नाही. करा पूजा.’’

मी वाटी टेबलावर ठेवली आणि परत आले. त्यानंतर मी त्यांना पाहिले नाही.

वाचकहो, तो कागद मराठीत होता. अक्षर सुवाच्य होते, वाक्ये साधी होती, आणि ज्याने तो काढायला लावला त्याने आधी तो मोठ्याने वाचला होता. मला आयुष्यभर कागदांतच काम करूनही याचे उत्तर सापडलेले नाही. म्हणून, तो शब्द विचारणारे आता कोणी उरलेले नाही तर मीच तुम्हांला विचारते. काहून?